चारही चाकांनी ओढणारी गाडी व तिचा क्लच

शेतकऱ्याच्या दावणीस नवा बैल आला म्हणजे घरातील जाणता मनुष्य प्रथम त्याच्या खांद्यावरून हात फिरवितो. खांदा सुजला अथवा सोलला तर ऐन पेरणीत औत सोडून बसावे लागते, हे शेतकऱ्याच्या पोरासही शिकवावे लागत नाही. परंतु अलीकडे बैलाच्या जागी जी यंत्रवाहने आमच्या अंगणात येऊन उभी राहिली आहेत, त्यांनाही एक खांदा असतो व तोही वेडावाकडा जुंपला असता सोलून निघतो, ही गोष्ट आमच्यापैकी पुष्कळांस दुरुस्तीचे बिल हाती पडेपर्यंत उमगत नाही. या खांद्याचे नाव क्लच.

डोंगराळ व अतिपावसाच्या टापूत चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या गाड्या आता शेतकरी कुटुंबांतही दिसू लागल्या आहेत. त्यांतील बहुतेक जुन्या घेतलेल्या व हाताने गिअर बदलण्याच्या असतात. अशी गाडी चिखल मानीत नाही, चढ मानीत नाही, असा तिचा लौकिक आहे व तो बव्हंशी खराही आहे. मात्र ती उभ्या जागेवरून हलविण्याची रीत साध्या मोटारीहून थोडी निराळी आहे. ती न शिकता आम्ही गाडी हाकली, त्याचे फळ भोगले, व मग शिकलो. तो अनुभव व त्यामागील कारणे बांधवांपुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्या हातून घडलेली चूक

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून २०२३ साली स्वेच्छेने सेवानिवृत्त झालो व आजरा-आंबोली मार्गापासून सुमारे दोन किलोमीटर आत असलेल्या वडिलार्जित जमिनीवर येऊन राहिलो. जमीन तांबडी, जांभ्या दगडाची. पीक घनसाळ भात, नाचणी व उतारावर काजू. पावसाळ्यात वाट म्हणजे तांबड्या लोण्याचा गोळा. सबब आम्ही एक जुनी चारचाकी खरेदी केली, जिची चारही चाके ओढतात. गाडी कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष गाडीचा नव्हता.

२०२४ च्या जुलैत आम्ही आजऱ्याहून युरियाची सहा पोती व दोन माणसे घेऊन परतत होतो. जुन्या चिरेखाणीजवळच्या चढावर मध्येच इंजिन बंद पडले. पुन्हा चालू केले, पुन्हा बंद पडले. मागे बसलेले दोघे हसले. त्या हसण्याने आमचा धीर सुटला. तिसऱ्या खेपेस आम्ही इंजिन बंद पडू नये म्हणून रेस भरपूर दिली व क्लच अर्धा दाबून धरला. पुढचे चाक चाकोरीतील दगडास अडले होते. चारही चाके भुईस घट्ट धरून होती, एकही फिरेना. गाडी थरथरत होती, इंजिन ओरडत होते, व आम्ही मात्र ‘आता निघेल, आता निघेल’ म्हणून पाऊण मिनिटभर तसेच दाबून होतो. मग जळक्या रबराचा व जळक्या केसांचा मिळून व्हावा तसा वास आला, बॉनेटखालून धूर निघाला, आणि गाडीतून जणू प्राण गेला. इंजिन चालू, गिअर पडलेला, पाय वर घेतलेला. तरी गाडी जागची हलेना.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून ती तालुक्यास ओढून नेली. मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट आमच्या हाती दिली. तिचे अस्तर काळे पडून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, काही ठिकाणी रिव्हेट उघडे पडले होते, व फ्लायव्हीलच्या लोखंडावर निळे डाग उठले होते. आम्ही गाडीस बोल लावू लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “भाऊसाहेब, गाडीनं काय केलं न्हाई. तुमचा पाय भ्याला. इंजिन बंद पडलं तर किल्ली फिरवून फुकट चालू हुतंय. प्लेट जळली तर फुकट मिळत न्हाई.”

हे वाक्य आम्ही डायरीत टिपून ठेविले आहे. खर्च सत्तावीस हजार रुपये आला, व सुटे भाग कोल्हापुराहून येऊन काम पुरे होण्यास अकरा दिवस लागले.

पैशाचे दुःख आम्ही केव्हाच विसरलो. त्या अकरा दिवसांतील एक रात्र मात्र विसरता येत नाही. आमच्या शेजारच्या घरातील सून दिवसांत होती. मध्यरात्री कळा सुरू झाल्या. १०८ ची गाडी डांबरी सडकेपर्यंत आली, परंतु पुढील चिखलातून तिला येता येईना. आमची गाडी असती तर पाव तासाचे काम होते. सर्वांनी तसा भरवसाही धरला होता. शेवटी बांबूस घोंगडे बांधून झोळी केली व चौघांनी आळीपाळीने खांदा देऊन, भर पावसात, कंदिलाच्या व मोबाइलच्या उजेडात तिला सडकेपर्यंत नेले. त्यास तासाहून अधिक वेळ लागला. ईश्वरकृपेने बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. कोणी आम्हांस शब्दाने दुखविले नाही. पण रिकाम्या पडवीकडे पाहून त्या घरच्या म्हातारीने एवढेच विचारले, “गाडी कवा येणार अण्णा?” त्या दिवशी आम्ही ठरविले की, गाडी परत आल्यावर हे काम पहिलीच्या मुलाप्रमाणे बिगरीपासून शिकावयाचे.

क्लच म्हणजे काय

इंजिन फिरत असते व चाके उभी असतात. या दोहोंची गाठ एकाएकी मारली तर इंजिन बंद पडेल किंवा काहीतरी मोडेल. म्हणून मध्ये क्लच योजिला आहे. इंजिनाच्या टोकास फ्लायव्हील हे जड लोखंडी चाक असते. त्यास लागून क्लच प्लेट ही सुमारे नऊ इंच व्यासाची चकती असते, व तीस दोन्ही बाजूंनी घर्षणाचे अस्तर असते. मागून स्प्रिंगच्या जोराने प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पायाने पेडल दाबले की हा दाब सुटतो व चकती मोकळी होते. पाय वर घेतला की दाब पुन्हा बसतो.

पेडल पुरते खाली असताना घर्षण नाही. पुरते वर असतानाही चकती व फ्लायव्हील एकजीव होऊन फिरतात, म्हणून घासणे नाही. जी झीज व उष्णता होते ती या दोहोंच्या मध्ये, ज्यास लोक ‘हाफ क्लच’ म्हणतात त्या अवस्थेत. गाडी हलविण्यास ही अवस्था अपरिहार्य आहे; परंतु तीत किती वेळ राहावयाचे व इंजिन किती वेगाने फिरत असताना राहावयाचे, हे सर्वस्वी हाकणाऱ्याच्या हाती आहे. अस्तरात तंतू व भुकटी रेझिनने बांधलेली असते. उष्णता अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे गेली म्हणजे ते रेझिन जळू लागते. जो वास येतो तो त्याचाच.

चार चाकांची गोष्ट निराळी का

साध्या मोटारीत पुढची दोन किंवा मागची दोनच चाके ओढतात. चिखलात जोर अधिक झाला की ती जागच्या जागी फिरतात. गाडी अडकते खरी, परंतु क्लचची त्यात सुटका होते. कारण जे घसरावयाचे ते चाकाशीच घसरते. चारही चाके ओढू लागली म्हणजे गाडीचे सर्व वजन ओढीच्या कामी येते व चारही टायर भुई धरून ठेवितात. चाक घसरत नाही, इंजिन थांबत नाही. मग या दोहोंमध्ये घसरण्यास उरले कोण? एकटा क्लच. ज्या गाडीचे चाक घसरत नाही तिचा क्लच घसरतो, हे या विषयाचे मर्म होय. जी पकड पाहून आपण ही गाडी घेतो, तीच पकड अडाणी पायाखाली क्लचचा घात करिते.

याच कारणाने दुसरी चूकही या गाड्यांत महाग पडते. क्लच जळू नये म्हणून काही तरुण मोठी रेस देऊन पेडल एकदम सोडून देतात. साध्या गाडीत चाके किंचाळून फिरतात व धक्का तेथे जिरतो. येथे चाके फिरत नाहीत, म्हणून तो सर्व धक्का गिअरचे दात, दांडे व सांधे यांवर पडतो. ऑडी कंपनीने १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आपली क्वाट्रो ही चारही चाकांची मोटार मांडली, व पुढे अशा मोटारींनी शर्यती जिंकल्या. शर्यतीतील चालक वरच्या फेऱ्यांवर क्लच सोडून झेप घेतात, हे खरे. पण त्यांच्या गाडीत निराळी प्लेट असते व मागे भाग बदलून देणारे मिस्त्र्यांचे पथक उभे असते. आमच्या मागे काजूचे कर्ज उभे असते. त्यांचे अनुकरण आपल्या कामाचे नाही.

थोडा हिशेब

आम्ही आयुष्यभर आकडे मांडले, तेव्हा येथेही मांडल्यावाचून राहवत नाही. समजा, गाडी ओझ्यासह १,६०० किलो आहे, व पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे १५ फेरे झाले म्हणजे चाकाचा १ फेरा होतो. सपाटीवर इंजिन मिनिटास ८०० फेऱ्यांवर ठेवून क्लच सोडला तर गाडी ताशी सुमारे ७ किलोमीटर वेगास आली की क्लच पुरता जुळतो. २,४०० फेऱ्यांवर ठेवून सोडला तर ताशी सुमारे २० किलोमीटर होईपर्यंत तो घासत राहतो. इंजिनाचा वेग तिप्पट झाला. पण क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता तिप्पट न होता नऊपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका निघण्यात नऊ निघण्यांची झीज! रेस कमी ठेवावी असे जे जाणते सांगतात, त्याचे कारण हे आहे.

आता चढ घ्या. सहा हात चालीस एक हात उंची असा चढ असेल तर या गाडीस मागे ओढणारा जोर सुमारे २६७ किलो होतो. ब्रेक न लावता, इंजिन १,५०० फेऱ्यांवर ठेवून, केवळ अर्ध्या क्लचवर गाडी जागच्या जागी तोलून धरिली, तर क्लचमध्ये दर क्षणी सुमारे १२ अश्वशक्ती उष्णतेच्या रूपाने जिरते. विहिरीवर बारा अश्वशक्तीचा पंप बसविला तर तो केवढे पाणी उपसतो हे आपण जाणतो. तेवढी शक्ती एका ताटलीएवढ्या चकतीत कोंडली असता तिचे काय होईल, हे निराळे सांगावयास नको. हॅंडब्रेक हेच काम एक पैसाही न जाळता करितो.

शिकण्याचा क्रम

गाडी दुरुस्त झाल्यावर मिस्त्रींनी आम्हांस चार दिवस रोज संध्याकाळी शिकविले. तो क्रम असा.

पहिला दिवस. कोरड्या, सपाट मैदानावर गाडी उभी करावी. बैठक इतकी पुढे घ्यावी की पेडल तळास टेकले तरी गुडघा किंचित वाकलेला राहील. पहिला गिअर टाकून उजवा पाय रेसवरून पूर्ण बाजूस घ्यावा. डावा पाय नखभर नखभर वर आणावा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो व गाडीचे अंग हलल्यासारखे वाटते. तेथे क्लच धरतो. त्या जागी पाय क्षणभर थांबविला म्हणजे गाडी आपोआप रांगू लागते. रांगू लागताच पाय पुरता वर घेऊन पेडलपासून दूर ठेवावा. डिझेल इंजिनाचे फेरे घटू लागले म्हणजे अधिक तेल सोडण्याची व्यवस्था त्यातच असते, म्हणून सपाटीवर बहुधा रेसची गरजच पडत नाही. हे आम्ही त्या दिवशी चाळीस वेळा केले. नऊ वेळा इंजिन बंद पडले. मिस्त्री एकदाही रागावले नाहीत, उलट म्हणाले, “पडू द्या. भ्या मोडायला पायजे.”

दुसरा दिवस. हेच काम थोड्या रेसने. नियम एवढाच की रेस आधी व किंचित, आवाज जेमतेम बदलेल इतकी. आणि क्लच धरू लागला की रेस वाढवावयाची नाही. इंजिन दबू लागले तर तेवढेच सावरावे. रेस व क्लच दोन्ही एकाच वेळी वर जाऊ लागले की समजावे, पैसे जळत आहेत.

तिसरा दिवस. चढावर. हॅंडब्रेक ओढून दोन्ही पाय मोकळे करावे. गिअर टाकून, थोडी रेस देऊन, क्लच धरतो त्या जागेपर्यंत आणावा. आवाज जड झाला व गाडी पुढे ओढ घेऊ लागली की हॅंडब्रेक सोडावा व लगेच क्लच पुरता सोडून द्यावा. नव्या काही गाड्यांत ब्रेक सोडल्यावर गाडी सुमारे दोन सेकंद आपोआप धरून ठेवणारी युक्ती असते. तिचा लाभ घ्यावा, पण तीवर विसंबून पाय शिकवावयाचा राहू देऊ नये.

चौथा दिवस. ओझ्यासह, आमच्याच चिरेखाणीच्या चढावर. येथे मिस्त्रींनी प्रथम आम्हांस खाली उतरविले व चाकांपुढे काय आहे ते पाहावयास लाविले. याविषयी पुढे सांगतो.

‘लो’ ची दांडी

चारही चाकांच्या गाड्या दोन जातीच्या आहेत. एकीत मुख्य गिअरशिवाय आणखी एक दांडी किंवा कळ असते. तिने गाडी अधिक सावकाश पण अधिक जोराने चालते. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात विलिस व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या, त्यांत ही व्यवस्था होती. तिचे प्रमाण १.९७ म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. पुढे महिंद्र कंपनीच्या जीपगाड्यांत, १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीत व २०२० साली नव्या रूपात आलेल्या थारमध्येही ‘लो’ आहे. या दांडीचे महत्त्व वरील हिशेबावरून कळते. जोर दुप्पट झाला की त्याच फेऱ्यांवर निघताना गाडीस निम्माच वेग गाठावा लागतो, म्हणून क्लचमधील उष्णता चौथा हिस्सा राहते. ज्यांच्या गाडीत ‘लो’ आहे त्यांनी तिची लाज बाळगू नये. गाडी अडल्यावर नव्हे, चढाच्या पायथ्याशीच, गाडी उभी करून ती टाकावी. मात्र अशा बहुतेक गाड्यांत चारही चाके जोडून कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवू नये. वळणावर पुढच्या व मागच्या चाकांचे फेरे सारखे नसतात व सर्व ताण यंत्रावर येतो.

दुसऱ्या जातीत ‘लो’ नसते. आमची गाडी या जातीची. भारतात २०१४ साली आलेली चारही चाकांची डस्टर या वर्गात मोडते. तिचा पहिला गिअर त्यासाठीच अधिक आखूड ठेविलेला होता. अशा गाडीत पहिला गिअर हाच आपला एकमेव आधार. सपाटीवर कोणी दुसऱ्या गिअरमध्ये निघण्याची ऐट करितो, ती येथे चालत नाही. टायर मोठे बसविण्याचा जो छंद तरुणांत आहे, त्यानेही पहिल्या गिअरचा जोर घटतो व तेवढा भार क्लचवर चढतो. तसेच चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत.

चढ, चिखल व ओझे

आता चौथ्या दिवसाचा धडा. गाडी निघत नाही याचे कारण पुष्कळदा इंजिनात नसून चाकाच्या पुढे असते. दगड, चाकोरीची कड, चिखलाचा बांध. फावड्याचे चार घाव जे काम करितात ते रेसने होत नाही. म्हणून गाडीत फावडे ठेवावे. चाके सरळ करावी. वळलेल्या चाकास अधिक जोर लागतो. माणसे उतरवावी. शक्य तेव्हा गाडी चढाच्या मध्यावर थांबवूच नये; थांबणे भाग पडल्यास थोडी सपाटी पाहून थांबावे. आणि अडल्यास ब्रेकच्या आधारे सरळ मागे खाली येऊन पायथ्यापासून, क्लच पुरता जुळलेल्या स्थितीत, एका सावकाश चालीने चढावे. चालत्या गाडीत क्लचला काही भोगावे लागत नाही; भोग सारा निघतानाचा आहे.

मिस्त्रींचा एक नियम आम्ही सर्वांत मोलाचा मानितो. क्लच धरू लागल्यापासून दोन-तीन सेकंदांत गाडी हलली नाही, तर ती हलणार नाही. पाय दाबून टाकावा, ब्रेक लावावा, खाली उतरून पाहावे. चौथ्या सेकंदापासून पुढे जे घडते ते प्रयत्न नव्हे, नुकसान होय.

वास आल्यास

वास आलाच तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये. हॅंडब्रेक ओढून, गिअर मोकळा करून, पाय पेडलवरून काढून इंजिन मंद चालू ठेवावे. चकती न घासता फिरत राहते व आतली हवा हलून लोखंड निवत जाते. निदान अर्धा तास जाऊ द्यावा. पहिल्या वासाने प्लेट बहुधा संपत नाही. वास आल्यावर जो हट्ट केला जातो त्याने संपते.

क्लच घसरू लागला आहे काय, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. सपाट मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये सावकाश चालताना रेस पुरती द्यावी. इंजिनाचा आवाज वाढला पण त्या मानाने गाडीचा वेग वाढला नाही, तर प्लेट घसरत आहे. पेडल पूर्वीपेक्षा फार वर आल्यावर धरू लागले, तरी संशय घ्यावा. जुने घर उघडले असता आतील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. पूर्वीच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस वापरीत असत व त्याची धूळ फुफ्फुसास घातक आहे.

ट्रॅक्टरविषयी दोन शब्द

वरील बहुतेक गोष्टी ट्रॅक्टरलाही लागू आहेत. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून फडातून निघताना जो क्लच जळतो, तो याच कारणाने. पुढचीही चाके ओढणारे ट्रॅक्टर आता वाढत आहेत. त्यांत चाक फिरून होणारी सुटका तितकी उरत नाही. खालचा गिअर, थोडी रेस, क्षणभराची घसट व मग पाय पेडलवरून खाली. नांगरताना पाय पेडलवर विसावून ठेवण्याची सवय तर फारच वाईट. त्याने दाब किंचित सुटून प्लेट दिवसभर घासते व बेअरिंगही जाते. शेतात गाडीवान बैलाचा कासरा सतत ओढून धरीत नाही. तसाच हा पायही मोकळा असावा.

उपसंहार

हे लिहीत असता आम्हांस नोकरीतील एक जुनी आठवण होते. आमच्या कार्यालयात एक जीप होती व तिचे चालक निवृत्तीस आलेले गृहस्थ होते. टंचाईची पाहणी किंवा अतिवृष्टीचे पंचनामे करण्यास निघालो म्हणजे प्रत्येक ओढ्याशी ते गाडी थांबवीत, खाली उतरत, पाण्यात काठी घालून पाहत, परत येऊन धोतराचा सोगा झटकल्यासारखा विजारीचा चिखल झटकीत, शांतपणे दांडी ओढीत व मगच गाडी हलवीत. आम्ही मागे फायली मांडीवर घेऊन चडफडत असू व त्यांना मनातल्या मनात आळशी म्हणत असू. आमच्या आठवणीत ती जीप एकदाही क्लचसाठी ओढून न्यावी लागली नाही. त्यांची क्षमा मागावयास आता ते हयात नाहीत.

२०२५ च्या जुलैत त्याच चिरेखाणीच्या चढावर, दुधाच्या बरण्या व भाताची रोपे घेऊन जात असता गाडी पुन्हा अडली. आम्ही मनात एक, दोन, तीन असे मोजले व पाय दाबला. मागे घेतली, खाली उतरलो, दोन बरण्या उतरविल्या, चाकापुढील चिखल ओढून तेथे चिऱ्याचे तुकडे घातले, व पायथ्यापासून सावकाश निघालो. गाडी चढली. दूध वीस मिनिटे उशिरा पोहोचले. घरी येऊन आम्ही बॉनेटजवळ नाक नेऊन पाहिले. ओल्या मातीखेरीज कसलाही वास नव्हता.

त्या वर्षी पावसाळ्यात गाडी तीन वेळा रात्री-अपरात्री आजारी माणसांस घेऊन सडकेपर्यंत गेली व आली. प्लेट अद्यापि तीच आहे. शेजारची ती म्हातारी आता गाडी कधी येणार असे विचारीत नाही. ती आपली दारात उभी असते, एवढेच तिला पुरे आहे. वाचकांपैकी ज्यांच्या दारी अशी गाडी असेल, त्यांनी पावसाळा लागण्यापूर्वी चार संध्याकाळी मोकळ्या मैदानावर जाऊन आपला डावा पाय शिकवून ठेवावा. इंजिन दहा वेळा बंद पडले तरी हरकत नाही व लोक हसले तरी चालेल. हसण्याचे बिल येत नाही.